मिसेस नॅनकर्व्हिस यांच्या दिवाणखान्यातली सात मतं

माझ्या आईची पोटनिवडणूक मी एकटीनं जिंकून दिली! हो, एकटीनं! पोर्थकेरिक गावात तुम्हाला कुणी दुसरंच काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डेन्झिलकाकांनी सांगितलं तर मुळीच ठेवू नका.

आमचा मतदारसंघ म्हणजे समुद्रावरच्या वाऱ्यातली छत्री. कधी कुठल्या बाजूला उलटेल, नेम नाही! मागच्या खेपेला आई हरली ती इतक्या कमी मतांनी, की तेवढी माणसं आमच्याकडे पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भल्यामोठ्या करंजीच्या, दुकानापुढे रांगेत उभी असतात. पुढे जिंकलेल्या खासदारांनी तब्येतीचं कारण सांगून राजीनामा दिला आणि ते स्पेनला राहायला गेले. (तब्येत तिथं पोचताच सुधारली. पोहतानाचे फोटो आहेत!) झाली पोटनिवडणूक जाहीर.

आईनं जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं, "ही तिसरी आणि शेवटची. हरले, तर गुपचूप शाळेत परत जाईन आणि दहावीला जीवशास्त्र शिकवीन."

माझ्या घशात बटाटाच अडकला. कारण दहावीत मी आहे! सख्ख्या आईनं भर वर्गात "केरेन्सा, गांडुळाला हृदयं किती?" असं विचारलेलं कोणत्या मुलीला सोसेल? तेव्हाच ठरवलं, आईला संसदेत पाठवायचंच. लंडन आमच्यापासून पाच तासांवर आहे!

आमचा प्रचारप्रमुख म्हणजे डेन्झिलकाका. एरवी बोटींची इंजिनं विकतात, पण निवडणूक आली की थेट सेनापती. आमच्या सगळ्यांच्या छातीवर नारिंगी बिल्ले, समोरच्यांच्या जांभळे. मतदानाच्या सकाळी काकांनी सैन्य रांगेत उभं केलं.

"आज कुणालाही पटवत बसायचं नाही! आपली माणसं कोण, ते आपल्याला ठाऊक आहे. दार वाजवा, मत दिलंत का विचारा, नसेल दिलं तर त्यांना बूट घालायला लावा. एका दाराला एक मिनिट! कुणी चहा म्हणालं तर पळत सुटा!"

"आणि मी, काका?"

"तू ऑफिसात बसून बिल्ले नीट लाव."

"पण मी बोलते किती छान!"

"म्हणूनच," काका म्हणाले.

पण नशीब माझ्या बाजूनं होतं. दुपारी आमच्या एका कार्यकर्त्यानं पत्रक टाकायला दाराच्या फटीत बोटं घातली आणि पलीकडच्या कुत्र्यानं ती मनापासून स्वीकारली. चॅपल लेन रिकामी पडली. तिथं मला धाडावं लागलं!

पहिल्याच घराचं दार मी वाजवायच्या आधीच उघडलं. दारात कापसाच्या बोळ्यासारखी गोड म्हातारी. मिसेस नॅनकर्व्हिस.

"अगं बाई, पावसात भिजलीस की! ये पोरी, आत ये. किटली ठेवलेलीच आहे."

"आभारी आहे, पण... तुम्ही मत दिलंत का?"

"अजून कुठलं? आमचं बाई काही ठरतच नाही. आतल्या सगळ्यांचं तेच चाललंय."

आतल्या सगळ्यांचं! मी डोकावले. दिवाणखान्यात विणकाम मंडळाच्या पाच आज्या आणि मिसेस नॅनकर्व्हिसचे दीर, म्हातारे जागो खलाशी. बाईंसकट सात! सात मतं, एका खोलीत, न ठरलेली! आमच्याकडे हे म्हणजे गळ टाकायच्या आधीच सात मासे उड्या मारून बोटीत आले!

मी आत शिरले. केशर घातलेला गोड बन आला, चहा आला, आणि मी सुरू झाले. जागोंनी कानामागचं यंत्र जरासं फिरवलं. माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून असणार.

"बंदराच्या भिंतीचं काय करणार तुमची आई?" जागोंनी विचारलं.

भिंतीबद्दल मला तीन वाक्यं येत होती. ती संपल्यावर मी ऑफिसात फोन लावला. "काका, सात मतं! भिंतवाला माणूस पाठवा!"

भिंतवाला आला. त्याला बन मिळाला. मग एका आजींना समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याची काळजी वाटू लागली. सांडपाणीवाल्या बाई आल्या. त्यांना स्कोन, म्हणजे जॅम आणि साय लावून खायचा गोडसर पाव, मिळाला आणि वर "आधी जॅम की आधी साय?" हा प्रश्न. त्यावर आमचीच दोन माणसं भांडली! मग कुणाचा गुडघा दुखत होता म्हणून गाडीवाला बोलावला. सहाच्या सुमाराला आमचं जवळजवळ अख्खं सैन्य त्या दिवाणखान्यात मांडीवर बशी घेऊन बसलेलं होतं.

"सगळं पटतंय हो," मिसेस नॅनकर्व्हिस म्हणाल्या, "पण उमेदवाराला एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं."

मी आईलाही बोलावलं!

आई धावत आली. चिखलाचे बूट दारात काढून, मोज्याच्या भोकातून अंगठा दाखवत ती गालिच्यावर उभी राहिली आणि गोड हसली. आणि तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. डेन्झिलकाका! गावात एकही नारिंगी बिल्ला दिसेना, म्हणून शोधत आले होते.

काकांनी खोली पाहिली, बन पाहिले, मग मिसेस नॅनकर्व्हिसना पाहिलं. आणि त्यांचा चेहरा उकडलेल्या माशासारखा पांढरा झाला.

"इझोल्ट!"

"ये रे डेन्झिल. किती वर्षांनी! बस. तुझी ती खिडकीजवळची खुर्ची अजून आहे."

"मूर्खांनो!" काका आमच्यावर ओरडले. "ही जांभळ्यांची जुनी प्रचारप्रमुख! मी विशीत असताना हिनं मतदानाच्या दिवशी मला याच खुर्चीत पाच तास बसवलं होतं! यातलं एकही मत डळमळीत नाही. सगळी जन्माची जांभळी आहेत!"

जागोंनी तेवढ्यात आणखी एक बन घेतला.

"तुमचं सैन्य इथं बसलं, म्हणजे दारोदारी नाही ना गेलं?" मिसेस नॅनकर्व्हिस अजिबात न लाजता म्हणाल्या. "आम्ही म्हाताऱ्यांनी तरी पक्षासाठी दुसरं काय करावं?"

"पळा!" काका गरजले. सगळे बशा टाकून पळाले. आई एकाच बुटात निघाली होती, परत येऊन दुसरा घेऊन गेली. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मागोमाग निघाले, तर काकांनी बोट रोखलं.

"तू नाही! तुला बाहेर सोडलं तर आणखी एखादं असलंच घर शोधून काढशील. इथंच बस!"

डोळ्यांत पाणी आलं हो. आई हरणार, आणि दहावीचं वर्ष गांडुळांसकट तिच्याबरोबर काढायचं! पण मग मनात म्हटलं, केरेन्सा, सातांतलं एक जरी फोडलंस तरी पुष्कळ! मी खुर्ची पुढे ओढली. "तर मी काय म्हणत होते..."

आणि काय बोलले मी! भिंतीवर बोलले. सांडपाण्यावर बोलले. रद्द झालेल्या बसवर, शाळेतल्या गार चिप्सवर, समुद्रपक्ष्यांवर, त्यांनी पळवलेल्या माझ्या आइस्क्रीमवर बोलले. मधे मिसेस नॅनकर्व्हिसनी दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली आणि म्हणाल्या, "बरं! चला तर मग!"

आता आमच्याकडे गुडघ्यावर थाप पडली की पाहुण्यानं कोट शोधायचा असतो. मला ते ठाऊक आहे. पण मला वाटलं, त्यांना पुढचा मुद्दा ऐकायची घाई झालीय! थोड्या वेळानं पुन्हा थाप. "चला तर मग! घरी वाट बघत असतील तुझी."

"छे, छे! काकांनी मला इथंच बसायला सांगितलंय."

आमच्या गावात एक वेळ पाहुण्याला बोटीतून ढकलतील, पण "जा" म्हणणार नाहीत. मिसेस नॅनकर्व्हिसनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा किटली ठेवली. मी बसच्या वेळापत्रकाकडे वळले. हळूहळू सातही जणांच्या माना हलू लागल्या. पटतंय! एकेक करून पटतंय! मला इतका चेव आला, की दहा वाजून मतदान बंद झालं तेव्हा मी अजून पर्यटनाच्या प्रस्तावनेतच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत मोजणी, मग फेरमोजणी, मग पुन्हा फेरमोजणी. डेन्झिलकाकांनी अर्धी मिशी चावून संपवली. आणि निकाल लागला: आई जिंकली. चार मतांनी!

मी आधी आईच्या गळ्यात पडले आणि मग थेट चॅपल लेनला धावले. मिसेस नॅनकर्व्हिस दारात उभ्या होत्या, तोंड आंबट लिंबासारखं.

"कुणी कुणी फुटलं? सांगा ना!" मी धापा टाकत विचारलं. "चार जण तरी नक्की! कुठला मुद्दा पटला? भिंत? सांडपाणी?"

"कुणी फुटलं नाही बाळ. तू उठलीस की जाणार होतो, पण आम्ही मतच दिलं नाही."

"मतच नाही? म्हणजे माझ्या बोलण्यात इतके रंगलात, की वेळेचं भानच राहिलं नाही?"

मिसेस नॅनकर्व्हिसनी माझ्या गालावरून हात फिरवला. गोड बाई आहेत, खोटं बोलायचा प्रयत्न करून पाहत असाव्यात.

"तुझ्या त्या बसच्या वेळापत्रकापर्यंत तग धरला गं आम्ही," त्या शेवटी म्हणाल्या. "पुढचं काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा साडेदहा वाजले होते. जागोला तर आत्ताच उठवलंय."

तर मुद्दा काय, निवडणूक मी एकटीनं जिंकून दिली. कशी, ते मात्र कृपा करून माझ्या वर्गात कुणाला सांगू नका.