सुपडू नानांची पुढल्या वर्षाची बाग

सुपडू नानांच्या अंगणात शिरताना आंब्याखालून वाकून जावे लागे, आणि तो आंबा अजून लावलेला नसे.

हे वाचून कोणाला हसू येत असेल तर त्याने खुशाल हसावे. मी स्वतः त्या आंब्याखालून वर्षभर वाकत आलो आहे. दिवाळीचा पाडवा उलटला की नाना पुढल्या वर्षाच्या बागेचा आराखडा करायला घेत. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. दोरी ताणून, खुंट्या ठोकून, चिमटीतून चुन्याची फक्की सोडत ते जमिनीवरच रेघा ओढीत. जेथे झाड यावयाचे तेथे वीट उभी राही, जेथे वेल चढावयाचा तेथे तुराटी. वीट उभी राहिली की नानांच्या लेखी झाड उभे राहिले. मग त्या विटेला पाय लागणे म्हणजे रोप तुडवणे, आणि तिच्यावरून ताठ मानेने जाणे म्हणजे फांदीत डोके घालणे.

"भाऊसाहेब, लिंबूवर पाय पडना तुम्हना!" नाना व्हरांड्यातून आपल्या अहिराणीत ओरडत.

"नाना, येथे तर वीट आहे."

"आज ईट शे. दोन-तीन सालमा आठेच बसीसन सरबत पिशात."

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, जळगावच्या आमच्या कॉलनीत नानांनी असा एक हिवाळा घालवला की त्याच्याविषयी आजही भलभलते सांगितले जाते. या कथांचे आद्य कर्ते आमच्या गल्लीतील निवृत्त पोस्टमास्तर वाणी. वाणींविषयी माझ्या मनात आकस नाही; परंतु माझे आयुष्य धुळे व जळगाव येथील न्यायालयांत साक्षी उतरवून घेण्यात गेले आहे, आणि ऐकीव साक्षीची किंमत मला वाणींहून अधिक कळते. नानांचे आणि माझे घर यांमध्ये कमरेएवढी भिंत होती. जे घडले ते मी त्या भिंतीवरून पाहिले आहे, आणि जेथे भिंतीवरून दिसले नाही तेथे भिंत ओलांडून गेलो आहे.

नाना मूळचे भडगावकडचे. गिरणेच्या काठी त्यांचा केळीचा मळा होता. म्हातारपणी तो थोरल्या मुलांच्या हाती देऊन ते जळगावी आले, कारण धाकट्याने बांधलेले घर त्याच्या बदलीमुळे रिकामे पडले होते. मळा सुटला, मळ्याची रीत मात्र सुटली नाही. व्हरांड्यापुढच्या जेमतेम जागेला ते 'वावर' म्हणत, तिचे चार भाग पाडत, आणि "औंदा हाऊ तुकडा पडीत ठेवाना शे," असे गंभीरपणे जाहीर करीत. पडीक राहणारा तो तुकडा खाटेएवढा असे.

त्यांच्या पत्नी जिजाक्का यांचे बागेविषयीचे धोरण वेगळे होते. त्यांना फुले हवी असत, तीही ठसठशीत रंगांची: लाल जास्वंद, केशरी झेंडू, पिवळी कर्दळ. फिक्या रंगाचे फूल त्यांना आजारी वाटे. नाना म्हणत, "फुलं खाईसन कोनं पोट भरनं?" अक्का उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नसत. नानांची वांग्या-मिरच्यांची आखणी पुरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पदरातल्या झेंडूच्या बिया त्या नेमक्या त्या रेघांवरून शिंपडीत जात आणि एवढेच म्हणत, "रेघा तुम्हन्या, माती मन्ही." परिणामी दरवर्षी नानांच्या आराखड्याला केशरी रंगाची किनार उगवे. उभी कॉलनी या भांडणावर पोसलेली होती. पतिपत्नींत बेबनाव आहे हे अनुमान वाणींनी यातूनच काढले. ज्या घरात रोज भांडण ऐकू येते तेथे बेबनाव नसतो, एवढे साधे ज्ञान पोस्टाच्या खिडकीमागे आयुष्य काढूनही माणसाला होत नाही, याचे मला नवल वाटते.

अक्कांचा एक डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. त्या काळी मोतीबिंदू पिकल्याशिवाय शस्त्रक्रिया करीत नसत, आणि लोकही थंडीची वाट पाहत. धुळ्याला त्यांची मुलगी शालिनी राहत होती. तेथल्या एका डॉक्टरांना दाखवायला नाना स्वतः घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, अजून पिकलेला नाही, थांबू. केळी पिकवण्यात हयात गेलेल्या माणसापुढे हे बोलायला नको होते.

"पिकाडाना शे तं भट्टीमा ठेवा ना दोन दिन!" नाना म्हणाले. "का गवत दाबीसन ठेवतस?"

डॉक्टर हसले नाहीत, हे नानांनीच मला सांगितले. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा शालिनी आईला न्यायला आली आणि तिने वडिलांना स्पष्ट सांगितले, "नाना, तुम्ही जळगावीच थांबा. तुम्ही दवाखान्यात आलात तर डॉक्टरांनाच खाटेवर घ्यावं लागेल." हे मी ऐकले आहे. नानांनी बायकोसोबत जाण्याचे नाकारले, ही वाणींची आवृत्ती म्हणून साफ खोटी.

अक्का धुळ्याला गेल्या आणि नानांनी कुदळ घेतली. जास्वंदी निघाल्या, कर्दळ निघाली, झेंडूचे तर नावही उरले नाही. विटा हलल्या, तुराट्या उपटल्या गेल्या, जुन्या रेघांवर पाणी मारले गेले आणि नव्या रेघा पडल्या. इतक्या वाकड्यातिकड्या रेघा नानांनी जन्मात ओढल्या नव्हत्या. वाणी चौकात म्हणाले, "बघा, बायको दवाखान्यात, आणि म्हाताऱ्याने सूड उगवला." लोकांना ते पटले. सूड ही गोष्ट लोकांना फार लवकर पटते.

थोड्याच दिवसांत याहून चमत्कारिक प्रकार दिसू लागला. भरदुपारी नाना डोळ्यांवर उपरणे करकचून बांधून, हात पुढे पसरून, अनवाणी पायांनी अंगणात फिरू लागले. मध्येच थांबत, नाक वर करीत, दोन पावले मागे येत. वाणींनी तत्काळ निदान केले: नाना पायाळू आहेत! पायांकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतले धन दिसते, हा समज आपल्याकडे आहेच. पांढऱ्या रेघा म्हणजे मंडल, बांधलेले डोळे म्हणजे विधी, आणि बाग उपटली ती खणायला जागा हवी म्हणून. एका दिवसात सुडाची कथा मागे पडून गुप्तधनाची कथा पुढे आली, आणि दोन्ही सांगणारे तोंड तेच होते, हे कोणाच्याही लक्षात आले नाही.

मी भिंत ओलांडली.

नाना तेव्हा नळाजवळ होते आणि त्यांची नडगी नुकतीच बादलीवर आपटली होती. "नाना, हा काय प्रकार?" मी विचारले.

"बोलू नका, भाऊसाहेब. आते मरवा यावाले जोयजे." त्यांनी नाक वर केले, डावीकडे सरकले, आणि वाकून अचूक एका रोपाला हात लावला. मग उपरणे सोडले. त्यांचे डोळे लाल झाले होते. उपरण्याने, असे मी तेव्हा समजलो.

"एक डोया देवीमा गया," ते म्हणाले. "दुसराबी गया तं?"

मग त्यांनी मला पुढल्या वर्षाची बाग दाखवली. दारापासून तुळशीपर्यंत खडबडीत विटांची वाट. नळाकडे वळताना तापीतली बारीक वाळू, म्हणजे वळण पायाला कळावे. नळाशी गवती चहा, मोरीशी पुदिना, स्वयंपाकघराच्या दारी कढीपत्ता, तुळशीजवळ सब्जा. निजायच्या खोलीच्या खिडकीखाली मरवा. एकही फुलझाड नव्हते. मी म्हणालो, "मोगरा, रातराणी का नाही?"

"फूल दोन महिना वास देस. पान बारा महिना देस. फूल झडनं का बाई रस्ता चुकनी."

"आणि जास्वंदी उपटल्या त्या?"

नानांनी उपरण्याची घडी खांद्यावर टाकली. "जास्वंदले वास नही, भाऊसाहेब. ती तठे उभी राही, फुली, अन हिले कयावच नही. मंग मी एकलाच दखू का तिले?"

उपटलेली झाडे त्यांनी फेकली, हेही खोटे. मातीच्या गड्ड्यासकट ती तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली होती, आणि त्या दिवसापासून ते डबे माझ्या मागच्या अंगणात राहिले. पुरावा म्हणून वाणींना ते दाखवण्याची मला तीव्र इच्छा झाली. नानांनी हात धरला.

"कोनले सांगू नका. शालिनीले कोनी सांगं अन हिना कानवर गयं, तं हिले वाटी, यानी आशाच सोडी दिधी."

मी शब्द दिला आणि पाळला. त्यापायी मला काय काय ऐकून घ्यावे लागले ते सांगत नाही. गुप्तधनाची कथा इतकी बळावली की मागच्या गल्लीतील एक प्रतिष्ठित गृहस्थ एके सायंकाळी नारळ घेऊन नानांच्या फाटकाशी आले.

"नाना, एक विनंती होती. आमच्या प्लॉटातही जरा फिरून जाल का?"

"काय लावेल शे तुम्हना प्लॉटमा?"

"काहीच नाही. मोकळाच आहे."

"मंग मी हुंगू काय?" नाना म्हणाले, आणि नारळ तेवढा ठेवून घेतला.

संक्रांतीच्या आधी शालिनीचा निरोप आला: पट्टी निघाली, चष्मा मिळाला, आईला घेऊन येते; डोळ्याचे काय ते आई स्वतः सांगेल म्हणते. हा शेवटचा भाग नानांना मुळीच आवडला नाही. चांगली बातमी माणूस आधी पाठवतो, असे त्यांचे म्हणणे. दोन दिवस त्यांनी कोणाच्याही पायाखाली कोणतेही झाड आणले नाही. माझे जावई नानांना भेटायला आले आणि थेट नियोजित कढीपत्त्यातून चालत गेले, तरी नाना गप्प. त्या दोन दिवसांत मीदेखील जेवणावर लक्ष देऊ शकलो नाही.

वाणी सांगतात की रिक्षा थांबताच नाना फाटकापर्यंत धावले आणि मोठ्याने रडले. नाना फाटकाच्या जवळही गेले नाहीत. ते नळाशी, फाटकाकडे पाठ करून उभे होते आणि केव्हाच भरलेली बादली भरीत होते. पाणी वाळूवरून वाहत विटांपर्यंत आले होते. फाटक मी उघडले. अक्कांनी शालिनीचा हात धरून उंबऱ्यासारखी आडवी ठेवलेली वीट ओलांडली आणि त्या थांबल्या. चष्मा एवढा जाड होता की त्यामागे डोळा वाटीएवढा दिसत होता. त्यांनी मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली.

"हाई काय करी टाकं तुम्ही?" अक्का कडाडल्या. "मन्ही जास्वंद कोठे गयी?"

नानांनी नळ बंद केला. पाठ तशीच. "कोनती जास्वंद?"

"कोनती म्हने! लाल! कुंपनजोडेनी!"

"तठे आते काय शे?"

"गवत शे! पिवयं पडेल गवत! आंगनमा ढोरं बांधनी शेत का तुम्हले?"

"अन हाऊ मन्हा सदरा?" नाना वळले. "हाऊ कोनता रंग शे?"

"तो पांढरा व्हता मी गयी तवय. आते धोयाले टाका," अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत नाना हातात सापडेल ती वस्तू घेऊन अक्कांना रंग विचारीत होते, आणि अक्का प्रत्येक रंगामागे एक शिवी देत होत्या. कॉलनीने ते भांडण ऐकले आणि वाणींनी निष्कर्ष काढला की आजारपणाने अक्कांचा स्वभाव अधिकच तिखट झाला. माझ्या घरी त्या रात्री सर्वजण पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना भिंतीपाशी आले. जास्वंदीचे डबे मी पलीकडे देऊ लागलो, तेव्हा ते म्हणाले, "भाऊसाहेब, बठ्ठं उपटनं पडी आते." एवढ्या मेहनतीने केलेली बाग मोडावी लागणार म्हणून हळहळणाऱ्या माणसाचा तो स्वर नव्हता. निकाल ऐकून न्यायालयाच्या पायऱ्या उतरणारी, निर्दोष सुटलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. ती अशीच, काही तरी बोलायचे म्हणून, उन्हाविषयी किंवा गाडीच्या वेळेविषयी बोलतात.

दिवसभर कुदळ चालली. व्हरांड्यात खुर्चीवर बसून अक्का बोटाने जागा दाखवीत होत्या, आणि नाना त्या जागी निमूट खणत होते. गवती चहा निघाला, पुदिना निघाला, विटांची वाट निघाली. संध्याकाळी मी पाहिले तर खिडकीखालचा मरवा तेवढा राहिला होता.

"हा चुकून राहिला का, नाना?"

नानांनी आधी व्हरांड्याकडे पाहिले. अक्का चष्मा पुसत बसल्या होत्या. मग ते भिंतीवर वाकून हळूच म्हणाले, "ऱ्हावू द्या. झोपमा तं डोया मिटेलच रहातस ना."