आरामाचा पंधरावा दिवस

लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत नामदेवतात्यांच्या दारावर वर्षातले काही दिवस एक पुठ्ठा टांगलेला असतो : 'मशीन बंद आहे. आवाज करू नये.' घरात मशीन नाही. आत झोपलेली असते त्यांची लेक, संगीता. ती एका व्यावसायिक संघातून हॉकी खेळते. हंगाम संपला की थोडे दिवस घरी येते, आणि तेवढे दिवस गल्लीने श्वाससुद्धा तात्यांना विचारून घ्यायचा.

तात्यांनी तीस वर्षं कापड विणायच्या लूमवर काम केलं. त्या खडखडाटात कान गेले. त्यामुळे "हळू बोला!" हे ते इतक्या जोरात सांगतात की संगीताच दचकून उठते. मग तिला उठवलं कोणी, याची चौकशीही तेच करतात.

"लूमले बी दिवाईले सुटी ऱ्हास," हे कुणी हसलं की त्यांचं ठरलेलं उत्तर. "हाई तर मनी पोर शे."

यंदा तिच्या मांडीचा स्नायू दुखावला होता. ट्रेनरने इंग्रजीत कागद लिहून दिला होता : चौदा दिवस पूर्ण आराम, पंधराव्या दिवशी अर्धा तास चालणं, पुढे हळूहळू धावणं. महिन्याभराने शिबिर. तिथे धावता आलं नाही, तर संघातली जागा दुसरीची. मी शाळेत शिकवते, म्हणून तात्या तो कागद माझ्याकडे घेऊन आले. लेकीने वाचून दाखवला होता, पण त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. "बाई, पोर कामचुकार नही, आरामचुकार शे."

झाडू, हंडा, जिना, सगळं बंद. त्यातच आखाजी आली. खानदेशी घरांत या सणाला लेकी माहेरी येतात, झोके घेतात. गल्लीत झोका बांधला गेला, तेव्हा तात्या पुन्हा माझ्या दारात. "कागदवर झोका शे का?" नव्हता. संगीता बिचारी ओट्यावर बसून नुसती गाणी म्हणत राहिली.

पंधराव्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघाले, तर संगीता बूट घालून तयार आणि तात्या दारात हात आडवे करून उभे. "आजबी आराम!" कागद हरवला म्हणाले. त्यांच्या खिशातून त्याचं टोक दिसत होतं.

मला रागच आला. "तात्या, तुम्हीच पोरीचं नुकसान कराल."

ते उंबऱ्यावर बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू निघाला. "बाई, कागद मन्हाजोडेच शे. तिनी माय गई, तवय ती शिबिरमा व्हती. तवयपासून घरमा मी एकलाच. आते एकदाव पळाले लागनी, का गई."

मला माझ्या चढ्या आवाजाची लाज वाटली.

संगीताने त्यांचा हात धरला. कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तात्या, आज पळनं नही, चालनं शे. चला मन्हासंगे."

दोघं गोडादऱ्याच्या रस्त्याला लागली. तात्या मुद्दाम रेंगाळत होते. मध्येच चप्पल सारखी करायची, ओळखीचा दिसला की थांबून राम राम घालायचा. मैदानात कुणाला न सापडणारी ती मुलगी त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकत होती.

कागदावर अर्धाच तास लिहिला होता. मी शाळेला निघाले, तेव्हाही ती दोघं परतली नव्हती.