बोला, घर बोलतो

टेंभरेजींनी मला दाखवलेलं पहिलं घर विकायचं नव्हतंच.

हे मला कळेपर्यंत मी त्या घराच्या स्वयंपाकघरात जाऊन आले होते. ओटा जरा उंच आहे असं मत दिलं होतं, मागच्या दाराची कडी लावून पाहिली होती, न्हाणीघरात डोकावून "इथे पकडायला दांडी बसवावी लागेल" असंही म्हणाले होते. शेवटी किंमत विचारली तेव्हा घरच्या बाई चहाची कपबशी हातात घेऊन जागच्या जागी थांबल्या.

"घर विकाचं नाही जी," त्या म्हणाल्या. "आमी तं राहून राहिलो इथं."

मी टेंभरेजींकडे पाहिलं. ते बशीतला चहा फुंकत होते.

"बाजूचं हाये विकाचं," त्यांनी शांतपणे सांगितलं. "पन ते पाहाची आता गरज नाही. चला, मॅडम."

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, की हा काय प्रकार आहे. त्यांनी स्कूटरला किक मारायची सोडली आणि माझ्याकडे वळले. "तुमी अर्धा घंटा बसले. बाईनं पानी देल्लं, चहा देल्ला. तुमी कोठच्या, घरी कोन कोन हाये, एक शब्द इचारला का तिनं? तुमी तिचं न्हाणीघर पाहून आले, तरी नाही इचारलं काऊन पाहून राहिले म्हनून. असा शेजार कायले पाह्यजे?"

तर मनू आणि तारा, हे आमचे टेंभरेजी. तुमच्याकडे घर घेताना माणसं आधी पडद्यावर फोटो पाहतात, नकाशा पाहतात, असं तुमचा बाबा सांगतो. टेंभरेजी आधी शेजारी दाखवतात. घर त्यानंतर, आणि तेही शेजारी पास झाले तर. घराचे दलाल असून त्यांना घरांत फारसा रस नव्हता. भिंतींबद्दल ते एवढंच म्हणत, "भिंत काय, उद्या पाडता येते. शेजारी पाडता येते का?"

फोन उचलताना ते "हॅलो" म्हणत नसत. "बोला, घर बोलतो!" असं खणखणीत म्हणत. पहिल्या दिवशी मी दचकून फोन ठेवला होता.

मला घर का हवं होतं तेही सांगते. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट येणार, येणार म्हणता म्हणता बिल्डरच गोंदिया सोडून गेला. तुमचे आजोबा होते तोवर आम्ही दोघं प्रत्येक मजल्यावर थांबून, भांडून, पुन्हा चढत होतो. ते गेल्यावर भांडायला कोणी उरलं नाही आणि जिना वाढला. आषाढात मी फ्लॅट विकायचं ठरवलं. घेणाऱ्याला दिवाळीपर्यंत किल्ली द्यायची होती. तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, तोवर तुला घर मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर मी टोरंटोचं तिकीट काढतो. आणि या वेळी परतीचं नाही."

तुमच्याकडे यायला मला फार आवडतं. पण तुम्ही सकाळी निघून जाता, मग खिडकीतून दिवसभर मोटारी जाताना दिसतात आणि माणूस दिसत नाही. इथे निदान भाजीवाली मला ओळखते आणि टोमॅटो दाबून बघू देत नाही. मला गोंदियातच राहायचं होतं. माझ्यापुढे दिवाळी होती, आणि माझं सगळं टेंभरेजींवर अवलंबून होतं.

माझ्या अटी मी पहिल्या भेटीतच नीट मांडल्या होत्या. तळमजला, पूर्वेचं ऊन, बाजार पायी जाता येईल असा, राइस मिलचा धूर आणि कोंडा नको. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "अना विरजन?" त्यांनी विचारलं.

"विरजणाचं काय?"

"कोनापासून घेसान? एकटा मानूस हाये. कधी दूध नासते, कधी दही संपते. विरजन मांगाले दार लागते, मॅडम."

हीच त्यांची परीक्षा होती. प्रत्येक शेजाऱ्याकडे ते मला हातात वाटी देऊन पाठवत. वाटी त्यांच्या स्कूटरच्या डिकीतच असे. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. उतारवयात अनोळखी दारांत वाटी घेऊन उभी राहीन असं वाटलं नव्हतं. पण दिवाळी जवळ येत होती, मी उभी राहिले. पुढे टेंभरेजींची स्कूटर, मागे माझा ऑटो. ते प्रत्येक वळणावर हात असा हलवत, जणू वरात वळवताहेत.

एका नव्या कॉलनीत फाटकावर डबी लावलेली होती, तिच्यात बोलायचं. टेंभरेजी डबीजवळ तोंड नेऊन म्हणाले, "जी, विरजन भेटन का थोडंसं?" डबीतून हिंदीत उत्तर आलं, की दही ऑनलाइन मिळतं. टेंभरेजी डबीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "मानूस अंदरच हाये. मेला तरी डब्बीतूनच सांगन."

दुसऱ्या घराशेजारी निवृत्त रेल्वेवाले गृहस्थ राहत होते. त्यांनी विरजण दिलं, वर लोणचं दिलं, आणि नोकरीतल्या सगळ्या बदल्या स्टेशनवार सांगितल्या. मी खूश होते. टेंभरेजींनी मान हलवली. "हा मानूस तुमाले दुपारी झोपू नाही देनार. याले शेजारी नाही पाह्यजे, याले डब्बा पाह्यजे पॅसेंजरचा. बसले का उतरता येत नाही."

तिसऱ्या ठिकाणी विरजण मिळालं, विचारपूस झाली, ऊनही पूर्वेचं होतं. तिथे टेंभरेजी म्हणाले, "सून अना सासू दोघी गोड बोलल्या. एका घरात दोघी गोड? काहीतरी लफडा हाये."

मला हसू येई, पण पोळा गेला, गणपती गेले, आणि घर काही मिळेना.

प्रत्येक घर पाहून झालं की ते तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे चहाला येत. कारण, "जे पाहालं त्याची चर्चा तं करा लागते." चर्चा अशी की जे दोघांनी मिळून पाहिलं तेच ते मला पुन्हा सांगत. दिवेलागण झाली की "चला, निंगतो" म्हणून उठत, दारापर्यंत जात, आणि चप्पल घालता घालता त्यांना आणखी एक गोष्ट आठवे. मग चप्पल काढून परत बसत. दवनीवाड्याला त्यांच्या भावांची शेती होती. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगी रायपूरला होती. ते स्वतः गंज बाजाराजवळ ऑफिसच्या मागच्या खोलीत राहत. हे सगळं मला अशा चपला काढण्या-घालण्यातून कळलं.

दसरा झाला. तुमच्या बाबाने विचारलं, "तिकीट पाहू का?" मी म्हणाले, "चार दिवस थांब." फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा बॅगा कपाटावरून खाली काढल्या. उघडल्या नाहीत. नुसत्या काढून ठेवल्या.

त्या सोमवारी मी एकटीच ऑटो करून नागऱ्याच्या महादेवाला गेले. देवळाच्या पायऱ्या उतरत होते, तर एक बाई समोर येऊन माझं तोंड निरखू लागल्या.

"तुमी त्या इंग्रजीच्या मॅडम ना? तिसऱ्या माळ्यावरच्या?"

मी म्हणाले, हो.

"मी वळखलंच! टेंभरेजी म्हनत होते, केस पांढरे हायेत, चष्म्याले दोरी हाये, हातात काठी नाही पन काठीवाल्याहून सरळ चालते. का जी, कवा येता राहाले? आमी पोळ्याच्या आधीपासून वाट पाहून राहिलो."

मला काहीच उमजेना. "कुठे राहायला?"

"आमच्या बाजूले! टेंभरेजीनं सगळं सांगून ठेवलं ना. तुमी दुपारी झोपता, चहात साखर नाही चालत, पोरगा परदेशात हाये. मी तं टीव्हीचा आवाजबी कमी करून ठेवला."

या कटरेवहिनी. त्यांनी मला हात धरून ऑटोत बसवलं आणि ते घर दाखवलं. लहानसं, बैठं. पूर्वेला अंगण, अंगणात पेरू. बाजार दोन गल्ल्यांवर. मिलचा आवाज नाही. मी खिडकीच्या गजाला धरून उभी राहिले आणि वाटलं, इथे मी म्हातारी होऊ शकेन. आणखी म्हातारी, म्हणजे.

"पन आता घाई करा लागन," कटरेवहिनी म्हणाल्या. "मालक कटाळला. बालाघाटची पार्टी पाहून गेली काल. उद्या इसार देतेत म्हने."

मी तिथूनच फोन लावला.

"बोला, घर बोलतो!"

"कोणतं घर बोलतंय, टेंभरेजी? मी कटरेवहिनींच्या शेजारी उभी आहे."

पलीकडे स्कूटरची किक ऐकू आली. मग ते म्हणाले, "येऊन राहिलो." आणि ते आले. स्कूटर स्टँडवर लावायला त्यांना फार वेळ लागला. कटरेवहिनी समजून घरात गेल्या.

"हे घर तुम्हाला पोळ्याच्या आधीपासून ठाऊक आहे," मी म्हणाले. माझा आवाज वर्गातला झाला होता. "शेजाऱ्यांना माझ्या चहातली साखर सांगितलीत. मला घर सांगितलं नाही. तिकडे माझं तिकीट निघतंय, टेंभरेजी. परतीचं नाही, एकेरी. काऊन नाही दाखवलं?"

ते पेरूकडे पाहत होते.

"दाखवलं असतं तं तुमी घेतलं असतं," ते म्हणाले.

मी चष्मा काढून पुसू लागले. तेच पुढे म्हणाले, "घेतलं का झालं ना मंग. घर भेटल्यावर कोनी दलालाले फोन करते का, मॅडम? रस्त्यात दिसलो तं लोक मान फिरवतेत. वाटते, हा आता आनखी काही मांगन." मग जरा थांबून, "तुमच्याकडचा चहा फिक्का असते. पन बसाले बरं वाटे."

मी रागावले होते, आणि तो राग खरा होता. या माणसाच्या संध्याकाळच्या चहापायी मी साता समुद्रापार जाऊन पडले असते. मी म्हणाले, "मला हे घर पाहिजे. आज."

टेंभरेजींनी मान डोलावली आणि स्कूटर काढली. मालक राहत होता दुसऱ्या टोकाला. त्यांनी तिथे काय सांगितलं, कोणाच्या पाया पडले, मला कधीच सांगितलं नाही. संध्याकाळी ते मालकाला स्कूटरवर मागे बसवून माझ्या तीन मजल्यांवर घेऊन आले. मी इसार दिला. सौदा पक्का झाला. त्या दिवशी ते चहाला बसले नाहीत.

दिवाळीच्या आधी मी इथे राहायला आले. वास्तूच्या पूजेला कटरेवहिनी आणि त्यांचे यजमान बसले. टेंभरेजी आले, फाटकाशी उभे राहून सामान उतरवणाऱ्यांवर ओरडले, प्रसाद घेतला आणि गेले. चप्पल काढलीच नाही.

घर छान आहे. कटरेवहिनी दिवसातून दोनदा भिंतीवरून हाक मारतात. पण दुपारी झोपून उठलं की दिवेलागणीपर्यंतचा वेळ फार लांब असतो. फोटोतल्या तुम्हा दोघांवरची धूळ मी रोज पुसते, तिथे धूळ नसतेच. टेंभरेजींचा फोन नव्हता. मीही केला नव्हता. माझी रागवायची मुदत अजून संपली नव्हती. मग एका दुपारी ती संपली.

"टेंभरेजी, प्लॉट पाहायचा आहे. नातवंडांसाठी."

"ते येऊन राहिले का इकडं राहाले?"

"नाही."

"मंग घेसान का?"

"नाही. तुम्हाला काही मिळायचं नाही यातून, आधीच सांगते. पण पाहायला काय हरकत आहे?"

फोनवर स्कूटरचे, हॉर्नचे आवाज येत राहिले. "नाही, पाहाले काई हरकत नाही," ते सावकाश म्हणाले.

तेव्हापासून आम्ही प्लॉट पाहतो. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. परवा दवनीवाड्याच्या रस्त्याला एक जागा पाहिली. धान कापून नेलं होतं, पलीकडे तळं होतं, बांधावर बगळे बसले होते, आणि मैलभर कोणी नव्हतं. टेंभरेजींनी चप्पल बांधावर काढून ठेवली, धोतराचा सोगा वर खोचला आणि पावलं टाकत शेतात निघाले. टाचेने माती उकरून रेघा ओढल्या. ही बैठक, हा ओटा, इकडे विहीर. मी ऑटोच्या सावलीत उभी राहून चुका काढत होते.

"अना पोरायच्या खोल्या?" त्यांनी तिथून ओरडून विचारलं. "कोनती कोनाची?"

मी बांध उतरून ढेकळांतून चालत गेले. ते मला हात द्यायला पुढे आले. रेघांच्या मधोमध उभं राहून आम्ही बराच वेळ वाद घातला, कारण त्यांचं म्हणणं पडवी पूर्वेला हवी, आणि मी ऐकलं नाही.

मनू, तुझी खिडकी पूर्वेला ठेवली आहे. ताराच्या खोलीतून तळं दिसतं.