अदोबोंची वाटणी

फेलिसा आजी वारल्या आणि मागसिनो घराण्यात सगळ्यांत वडीलधारे म्हणून अदोबो उरले.

फिलिपीन्समधल्या बातांगास प्रांतातलं हे घर. तिथे डुकराचं मांस माडाचा शिरका म्हणजे व्हिनेगर, लसूण आणि हळद घालून मंद आचेवर शिजवतात, त्याला अदोबो म्हणतात. मागसिनोंचे अदोबो फेलिसा आजींच्या पणजीने चुलीवर चढवले होते आणि तेव्हापासून ते भांडं कधी रिकामं झालं नव्हतं. रोज वाढून घ्यायचं, तळाशी थोडं राखायचं, त्यावर नवं घालायचं. असं करत करत ते इतके जुने झाले की त्यांना अहोजाहो करणं भागच पडलं.

गरम केल्यावर ते बोलत. गार असताना त्यांच्यावर चरबी गोठे आणि मग ते कुणाच्या भानगडीत पडत नसत.

आजींच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला बारांगायच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या, कप्तान बाल्बिना आल्या. त्यांनी विचारलं, "आता घरातलं कर्तं माणूस कोण?"

आजींचा मुलगा रोहेल्यो खाकरला आणि त्याने खुर्ची पुढे ओढली.

"अदोबो आहेत ना?" कप्तानांनी विचारलं.

"आहेत."

"मग तुम्ही कसे?"

रोहेल्योने खुर्ची मागे घेतली. पुरिताला, म्हणजे त्याच्या बहिणीला, यात काही वावगं वाटलं नाही. तिने सगळी उमर आईची सेवा करण्यात आणि अदोबो ढवळण्यात घालवली होती. पन्नाशी कधी उलटली ते तिला कळलंही नव्हतं.

नदीच्या पैलतीरावर डेलफिन नावाचा विधुर राहत असे. तो होडीतून लोकांची ने-आण करी. त्याने पुरिताला लग्नाचं यापूर्वी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तिने "आई आहे" एवढंच उत्तर दिलं होतं. आता त्याने पुन्हा विचारलं तेव्हा तिच्याजवळ उत्तरच उरलं नव्हतं. ती हसली. तिचं हसणं म्हणजेच होकार, हे डेलफिनला समजलं. पण वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाशिवाय त्या गावात लग्न लागत नसे.

डेलफिन इस्त्रीचा शर्ट घालून आला. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून त्याने अदोबोंसाठी सुक्या लाकडांची मोळी आणली होती. पुरिताने त्यातलीच दोन लाकडं चुलीत सारली. थोड्या वेळाने झाकण हललं.

"बसा," अदोबो म्हणाले. "लाकूड चांगलं आहे. तुमच्या घरी अदोबो कोणत्या रंगाचं?"

"काळं, आजोबा."

"म्हणजे सोया सॉस."

"हो."

"आणखी काही घालता?"

डेलफिनला खोटं बोलता येत नसे. "बटाटे," तो म्हणाला.

रोहेल्योच्या बायकोने छातीवर क्रूसाची खूण केली.

"बटाट्यांबद्दल आमच्या मनात काहीही नाही," अदोबो अत्यंत सभ्यपणे म्हणाले. "आमच्या ओळखीत बटाटे घालणारी पुष्कळ चांगली माणसं आहेत. पण पुढे मुलाबाळांचा प्रश्न येतो."

"आजोबा, माझी पन्नाशी उलटली," पुरिता म्हणाली.

"मग तत्त्वाचा प्रश्न येतो."

डेलफिन मान खाली घालून उठला. तो अंगणात गेल्यावर अदोबो हळूच म्हणाले, "आणि तू गेलीस तर मला ढवळणार कोण?"

खरी गोम पुरिताला आता कळली. तिने चूल विझवली आणि सरळ बारांगायच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला.

सुनावणीला अदोबोंना तीनचाकीतून आणलं. कप्तानांच्या टेबलावर शेगडी ठेवली, शेगडीवर भांडं. अदोबो नीट उकळीला येईपर्यंत कामकाज थांबवण्यात आलं.

"वडीलधाऱ्यांचा शब्द मोडता येत नाही, पुरिता," कप्तान म्हणाल्या.

"मोडायचा नाहीच. मला वाटणी हवी आहे."

"माझे तुकडे करणार?" अदोबो गरजले. रस्सा टेबलावर उडाला. कारकुनाने कागद मागे घेतले.

"आजोबा, आपले तुकडे आधीपासूनच आहेत," पुरिता म्हणाली. "मीच केलेत." मग ती भांड्याजवळ सरकली. "तुम्हाला ढवळता ढवळता मी म्हातारी झाले. त्याची तक्रार नाही. पण इतक्या वर्षांत एकदाही तुम्ही विचारलं नाहीत, की पुरिता, तू जेवलीस का?"

अदोबो जोरात रटरटू लागले. कप्तानांनी आच कमी केली.

"तू नेहमी सगळ्यांच्या मागून जेवतेस," ते म्हणाले. "तळाचं, करपलेलं. मला वाटायचं, तुला तेच आवडतं."

"नाही आवडत."

"मग कर वाटणी," अदोबो म्हणाले.

पुरिताने निम्मं दुसऱ्या भांड्यात काढलं, एक वाटा तिचा, एक रोहेल्योचा. कारकुनाने हरकत घेतली. एकच माणूस दोन घरांचा कर्ता कसा असेल, असं त्याचं म्हणणं. ते माणूस नाहीत, हे कप्तानांनी त्याच्या ध्यानात आणून दिलं. त्यांनी दोन्ही वाट्यांतलं चमचा चमचा चाखून पाहिलं आणि चव सारखीच असल्याने दोन्ही वाटे पूर्ण अधिकाराचे आहेत, असा निर्णय दिला.

रोहेल्यो आपला वाटा घेऊन मनिलाला गेला. तिथे त्याने तो फ्रीजमध्ये ठेवला. तो सांगतो, घरात इतकी एकवाक्यता पूर्वी कधी नव्हती.

पुरिताच्या वाट्याने लग्नाला आशीर्वाद दिला. आपल्यालाही सोबत न्यावं आणि आपल्यासमोर बटाटे सोलू नयेत, एवढ्याच दोन अटी घातल्या. लग्न झाल्यावर डेलफिनने होडीत मधोमध भांडं ठेवलं आणि सगळे पैलतीरी गेले. हेलकाव्यांत पुरिताने भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि डेलफिन मुद्दाम हळू वल्हवत होता.

डेलफिनकडचं काळं अदोबो वयाने लहान, त्याच्या पहिल्या बायकोच्या आईच्या हातचं. सुरुवातीला दोन्ही भांडी एकमेकांशी बोलत नसत. पुरिता दोघांना वेगवेगळ्या डावांनी ढवळी आणि इकडचं तिकडे कळू देत नसे. एके दुपारी ती परसातून आली तर आत शिरक्यावरून बोलणं चाललेलं. हल्ली शिरक्यात पूर्वीचा दम राहिला नाही, यावर दोघांचं एकमत होतं. ती पावलं न वाजवता परत बाहेर गेली आणि पायरीवर बसून राहिली. बरं वाटलं तिला.

मग घराला आशीर्वाद द्यायला फादर निकानोर आले.

"घरात किती जण?" त्यांनी विचारलं.

"चार," पुरिता म्हणाली.

फादरांनी डेलफिनवर आणि तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मग ते स्वयंपाकघरात गेले, दोन्ही भांड्यांवर झाकणं असल्याची खात्री करून घेतली आणि तिथेही शिंपडलं.

"फादर, आता जेवूनच जा," डेलफिन म्हणाला.

"कुणाकडे?" फादरांनी विचारलं.

पुरिताने डेलफिनकडे पाहिलं. डेलफिनने छताकडे पाहिलं. चुलीवरची दोन्ही झाकणं हलायची थांबली होती.

फादर पुष्कळ घरांत जेवून मुरलेले होते. त्यांनी बाही वर सारली, ताट पुढे केलं आणि दोन्हीकडचं थोडं थोडं, पण अगदी सारखं, वाढून घेतलं.