हवेतलं गाव

किसनतात्या माणसाला आधी ठोकून पाहतात, मग नाव विचारतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या कपाळावर बोटांची पेरं वाजवली, जवळ कान आणला आणि निकाल दिला, "पोकळ हाये, पन तडा न्हाई. चालंल." उभा जन्म दगडाच्या खाणीत गेला. दगडाला तडा आहे की नाही हे ठोकूनच कळतं, म्हणून कलिंगड, एसटीचा कंडक्टर, स्वतःचा जावई, सगळे या परीक्षेतून गेलेत. जावई म्हणे दुसऱ्या वेळेला पास झाला.

सुरुंग उडवून उडवून कान असे गेलेत, की तात्या कुजबुजले तरी आळेफाट्याला एसटी थांबते.

मी जुन्नरहून पर्यटकांना जीपनं धबधब्यावर नेतो. धबधबा तात्यांचाच म्हणायचा. खाण बंद पडली, माणसं पांगली, पत्र्याच्या खोपटात हे एकटे उरले. खाणीच्या कापलेल्या कड्यावरून आता पाणी कोसळतं. पोरं फोटोसाठी धावतात, तात्या आडवे येतात.

"पावणं, पानी पळून जात न्हाई. आधी गाव बघा."

आणि बोट दाखवतात थेट हवेत! कारण खाणगाव ज्या टेकाडावर वसलं होतं, ते टेकाडच दगडापायी कापून नेलं. म्हणतात, त्या उडत्या घारीखाली बाजार, तिच्या डाव्या पंखाला भज्यांचं हाटेल. घार सरकली की हाटेलही सरकतं. पोरं हसतात. मीही हसायचो.

लेक राजुरीला दिलेली. ती दरसाल न्यायला येते आणि तात्या दरसाल तेच सांगतात, की खाणीची माणसं घर हुडकत आली तर दाखवणार कोण?

आणि येतात, राव. गेल्या श्रावणात एक म्हातारी नातवंडं घेऊन माझ्याच जीपनं आली. जन्म इथला, पण घर कुठं होतं ते आठवेना. तात्यांनी ओढ्याकाठचा एक धोंडा ठोकला. "ह्यो तुमचा उंबरा, आक्का." म्हातारीनं त्याला हळदकुंकू लावलं, डोकं टेकलं, पोटभर रडली.

ती पाण्याकडं गेल्यावर मी तात्यांच्या कानात ओरडलो, की हाच उंबरा तुम्ही मागं एका फौजदाराला दिला होता.

"मग? इतक्या लांबून आलेल्याला हवा दावू?"

लेक त्या दिवशी तिथंच होती. त्या खेपेला तिनं बापाचं बोचकं बांधून थेट माझ्या जीपमध्ये टाकलेलं. आमचं बोलणं तिनं ऐकलं. आई वारली तेव्हा ती मांडीवरची पोर, आजोळी वाढली, तिला इथलं काहीच आठवत नाही.

"दादा," ती बापाच्या कानाशी ओरडली, "मग आपला उंबरा कंचा?"

आजूबाजूला धोंड्यांना तोटा नव्हता. मला वाटलं, आता एखादा ठोकतील. तात्यांनी मान वर केली आणि कोसळत्या पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं.

"तितं. तुजी माय तितं भाकरी थापायची. हितनं दिसती मला."

लेक कितीतरी वेळ वर बघत राहिली. मग जीपमधलं बोचकं तिनं उचललं, खोपटात नेऊन सोडलं आणि चूल पेटवायला बसली.