हादरा नामंजूर

गोविंदराव पेशकारांकडे मोटारसायकल होती आणि ते कचेरीत पायी जात.

निजामाच्या अमलातली शेवटची वर्षं चालली होती. नांदेडात फटफटी म्हणजे अपूर्वाईची चीज. एक रेल्वेच्या साहेबाकडं होती, एक डॉक्टरकडं, आणि एक आमच्या गल्लीत पेशकारांच्या अंगणात. बदली होऊन जाणाऱ्या कुण्या इंग्रज इंजिनेराकडून त्यांनी ती विकत घेतली होती. पहिल्याच दिवशी ती चालवायला गेले नि समोरच्या हौदात पडले. त्यानंतर पुन्हा म्हणून बसले नाहीत. पण विकलीही नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत एक जाड सागवानी फळी टाकली, फळीचं टोक थेट भिंतीत रोवलं आणि त्या फळीवर फटफटी कायमची उभी केली. गल्लीतले लोक म्हणत, वाळवी लागू नये म्हणून केलं असंल. लोखंडाला वाळवी! पण पेशकारांच्या बाबतीत लोक काहीही धरून चालत.

मी त्याच अदालतीत अहलकार, म्हणजे साधा कारकून. ते मुन्सफसाहेबांचे, म्हणजे न्यायाधीशांचे, पेशकार. दाव्यांचे कागद साहेबांपुढं ठेवायचे, पक्षकारांना पुकारायचं, तारखा द्यायच्या, हे त्यांचं काम. तीस वर्षं हेच केल्यामुळं माणूस घरीही अदालतीतच राहायचा. भाजीवालीनं भाव सांगितला की म्हणायचे, "नामंजूर." आमच्या हिनं दिलेली पुरणपोळी आवडली की, "मंजूर." एखादी गोष्ट ठरवायची नसली की, "पेशी पुढं!" मला सगळं जग बापू म्हणायचं, हे मात्र "अहलकार" म्हणून हाक मारायचे. गल्लीतही, माझ्या सासऱ्यांसमोरही.

त्यांचा रोजचा कार्यक्रम ठरलेला. संध्याकाळी छत्री बगलेत मारून कचेरीतून पायी यायचं. अंगणात जोडा काढायचा, शेरवानी खुंटीला लावायची नि फटफटीला लाथा मारायला सुरुवात करायची. तिसऱ्या-चौथ्या लाथेला ती खोकायची, मग फट् फट् फट् सुरू. कौलावरची कबुतरं उडायची, आमचं पाळण्यातलं पोर रडायचं. थोडा वेळ चालवून ते बंद करायचे. आणि मग आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, खणखणीत आवाज यायचा, "आलात व्हय?"

सारी गल्ली फसकन हसायची. काकूंना ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विषमज्वर झाला आणि त्यात दोन्ही कान गेले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज चढतो, तसा त्यांचा चढला होता. एवढ्या गदारोळानंतर "आलात व्हय?" म्हणजे कमालच. शेजारच्या वत्सलावैनी म्हणायच्या, "देवानं बरंच केलं म्हणा, तिचे कान नेले. न्हाई तर त्या फटफटीनं गेलेच असते." कधी कधी आमची ही तिखट-मीठ मागायला गेली की पाहायची, फटफटी चालू असताना काकू हातातलं काम टाकून भिंतीला तळवा लावून उभ्या असायच्या. ही येऊन सांगायची, "भेतात हो बिचाऱ्या. भिंतीला धरून उभ्या ऱ्हातात."

असं सुरळीत चाललेलं असताना हुकूम आला. पेशकारांचा तबादला लातूरला.

तबादल्याचं त्यांना काही वाटलं नाही. चार पत्र्याच्या पेट्या आणि एक देव्हारा, एवढा त्यांचा संसार. मूलबाळ नव्हतं. प्रश्न उरला फटफटीचा. लढाईचा जमाना, पेट्रोल मिळायचं ते कुपनावर आणि ते दोन बोटं. त्यात लातूरपर्यंत जायचं तर चालवणारा पाहिजे. रेल्वेच्या साहेबाचा ड्रायव्हर म्हणाला, "मी चालवत नेतो, पेशकारसाहेब. पेट्रोलचं बघू काही तरी." त्यावर हे उसळले.

"चालवत? एवढ्या लांब? अन् वाटंत बोल बिघडला तर?"

"कसला बोल?"

"तिचा बोल! ही जशी बोलते तशीच तिथं बोलली पायजे. एक दणका बसला, एक खिळा ढिला झाला की आवाज बदलतो. मग लोखंड घेऊन मी काय करू? हादऱ्याचं बोला. हादरा न्हाई, असं वाहन दाखवा."

झालं! त्या दिवसापासून आमच्या गल्लीत मुकदमा उभा राहिला. फिर्यादी फटफटी, मुन्सफ गोविंदराव आणि मी फुकटचा साक्षीदार. नांदेडातलं एकेक वाहन त्यांनी पेशीला बोलावलं. पारख करायची रीत त्यांचीच होती. पितळी तांब्या काठोकाठ ताकानं भरायचा, वाहनात ठेवायचा, आपण शेजारी बसायचं आणि गावाबाहेर जाऊन परत यायचं. तांब्यात उरलं किती, सांडलं किती, त्यावर निवाडा.

आधी रेल्वेला विचारलं. मालाच्या बाबूनं सरळ सांगितलं की मधे गाडी बदलावी लागंल, एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागंल.

"उतरवणार कोण?"

"हमाल."

"कसे उतरवतात?"

बाबूनं बोट दाखवलं. फलाटावर दोन हमाल सरकीची पोती डब्यातून खाली ढकलत होते. पेशकारांनी तांब्या पिशवीतून काढलासुद्धा नाही. "नामंजूर," म्हणाले आणि चालू पडले.

मग सरदारजीची लारी. हे सरदारजी नांदेडचेच, तीन पिढ्यांचे, मराठी आमच्यापेक्षा बरं बोलायचे. पेशकार तांब्या मांडीवर घेऊन लारीत बसले. परत आले तेव्हा ताक शेरवानीवर, टोपीवर आणि थोडं सरदारजींच्या दाढीवर होतं. तांब्या रिकामा. सरदारजी दाढी पुसत म्हणाले, "पेशकारसाब, ही लारी हाय, पाळणा न्हाई."

"दरखास्त खारीज," पेशकार म्हणाले.

सरकारी मोटारीच्या टपावर फटफटी बांधायची असंही एकानं सुचवलं. हे शिडीनं टपावर चढले, तिथल्या कोंबड्यांच्या डालग्याशेजारी तांब्या ठेवून बसले. मोटार सुटायची वेळ झाली तरी उतरेनात, तेव्हा कंडक्टरनं पाय धरून खाली घेतलं. मोटार गेली, टपावर तांब्या तसाच. दुसऱ्या दिवशी तो परत आला, पण त्यातलं ताक कुणी पिलं की सांडलं याचा पुरावा नव्हता. संशयाचा फायदा द्यायला हे तयार नव्हते.

कळस झाला तो भोयांच्या वेळी. मोठ्या घराण्यातल्या बायकांना मेण्यातून नेणारे भोई तेव्हा अजून होते. पेशकारांनी त्यांच्या नाईकाला बोलावून विचारलं. बिचाऱ्याला वाटलं, काकूंना न्यायचंय. तो आनंदानं हो म्हणाला. मग ह्यांनी अंगणातलं सामान दाखवलं. नाईकानं फटफटी एकदा उचलायचा प्रयत्न केला, परत ठेवली नि हात जोडले. "मालक, बाईमाणूस असतं तं लातूरच काय, तुळजापूर दावून आणली असती. पर ही बाई लई अंगानं हाय."

शेवटी सापडली ती मसाजीची दमणी. दमणी म्हणजे बसायची छोटी बैलगाडी, वर छत असलेली. ती खरं तर काकूंसाठी सांगितली होती. मसाजीचे बैल इतके म्हातारे की नांदेडात कुणी त्याला भाडंच देत नसे. लोक म्हणायचे, मसाजीच्या दमणीत वऱ्हाड बसलं तर बारशाला पोचंल. पेशकार सहज तांब्या घेऊन बसले. बैल नदीपर्यंत गेले, तिथं उभे राहिले, विचार केला आणि परत आले. ताकावर साधी लहर उठली नाही.

पेशकारांचे डोळे चमकले. "मंजूर!"

"आन् काकू?" मी विचारलं.

"ती मोटारीनं येईल. माझ्यासंगं."

मग मात्र गल्ली खवळली. हसणं गेलं आणि बायका खरोखर संतापल्या. दमणीचं छत काढलं, खाली काकूंची गादी घातली, गादीवर लोड, त्यावर फटफटी आडवी-तिरपी निजवली आणि वरून काकूंचीच गोधडी पांघरली. आणि काकू? सरकारी मोटारीत, बोचकी-गाठोड्यांत, खिडकीच्या गजाला धरून उभ्या. वत्सलावैनी माझ्यादेखत म्हणाल्या, "जळ्ळं मेलं ते लोखंड! बायकू गजाला आन् फटफटी गादीवर. असला नवरा वैऱ्याला नको." आमच्या हिनं दोन दिवस पेशकारांचं नाव घेतलं नाही. मलाही ते बरं वाटलं नाही. काकू मात्र गादी दमणीवर चढताना पाहून समाधानानं मान हलवत होत्या, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

दमणीसोबत कोण? तर अहलकार! माझी सासुरवाडी शिरूर अनंतपाळची, रजा घेतलेलीच होती. "जाताय तर हिला लातूरला टेकवून पुढं जा," म्हणाले. "हात धरून बसा. हँडलचा." मी बसलो.

तो प्रवास मी जन्मात विसरायचा नाही. उन्हाळा असल्यामुळं गोदावरी पात्रातूनच ओलांडली आणि लोह्याची वाट धरली. माणसं चालत आम्हाला मागं टाकून जायची, परतताना पुन्हा भेटायची. गोधडीखालचा उंचवटा बघून लोह्यात एका म्हातारीनं कळवळून विचारलं, "कोण बिमार हाय बाबा?" अहमदपूरला बायका जमल्या, त्यांना वाटलं नवरी हाय, लाजून तोंड झाकून घेतलंय. मसाजी बेरकी. म्हणाला, "हाव, नवरीच हाय. नवऱ्याचा लई जीव हाय तिच्यावर." एकीनं गोधडीवर हळदीकुंकूही वाहिलं. मी हँडल तेवढं घट्ट धरून बसलो.

चाकूर गेलं, लातूरची वेस दिसली. पेशकार वेशीतच उभे. रोज येऊन उभे राहत होते म्हणे. मला "कसे आहात" विचारलं नाही, पाणी विचारलं नाही. गोधडीखाली हात घालून फटफटी चाचपली नि म्हणाले, "चला, चला. उशीर लई झाला."

घरी गेलो तर काकूंनी पाण्याचा तांब्या डाव्या हातानं पुढं केला. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला. मी खुणेनं विचारलं, काय झालं? काकू हसल्या आणि आत गेल्या.

"भाजलं," पेशकार म्हणाले. ते अंगणात फळीचं टोक भिंतीत नीट बसवत होते, माझ्याकडं पाहत नव्हते. "परवा कचेरीतून आलो. ती चुलीपाशी, पाठ दाराकडं. मी जवळ गेलो, ती दचकली. आधणाचं पातेलं हातावर."

त्यांनीच पुढं सांगितलं, लवून काम करता करता.

"कान गेल्यापासून असंच. मागून कोण आलं ते तिला समजत न्हाई, अन् घाबरते. पहिल्या वर्षी पायावर तेल सांडलं होतं. मी पाय आपटून पाह्यलं, घुंगरू बांधून पाह्यलं, दारातून जोंधळे फेकून पाह्यलं. दाणे अंगावर आले की जास्तच दचकायची. मुसळ आपटलं तर कळायचं, पण शेजारीपाजारी सगळेच कांडतात. तिला कसं समजावं, कोणतं मुसळ माझं? मग ही मिळाली. भिंतीतून जाते ती धडधड. भिंतीला हात लावला की तिला कळतं. असली गावात दुसरी न्हाई." त्यांनी फळी हातानं दाबून पाहिली. "म्हणून बोल बदलायला नको होता, अहलकार. गादी तिनंच काढून दिली."

इतकी वर्षं माणूस कचेरीतून येतो आणि बायकोनं दचकू नये म्हणून आधी अंगणात इंजन लावतो! आणि आम्ही हसत होतो. मी उठून फळीचं दुसरं टोक धरलं.

फटफटी फळीवर चढवली. पेशकार आत जाऊन शेरवानी घालून, छत्री बगलेत मारून आले. लातुरात ते आज कचेरीत गेलेच नव्हते, तरी घातली. जोडा काढला, शेरवानी खुंटीला लावली आणि लाथ मारली. काही नाही. दुसरी, तिसरी, चौथी. फटफटी हूं की चूं करीना. मसाजी म्हणाला, "थकली असंल." पेशकारांच्या कपाळावर घाम फुटला. साऱ्या नांदेडची वाहनं नामंजूर करणारा माणूस आता नुसता लाथा मारत राहिला. मग माझ्याकडं पाहिलं.

मी बाह्या सावरून पुढं झालो. "सरका," म्हणालो, "साक्षीदाराला येऊ द्या." मी दोन मारल्या, मसाजीनं एक मारली, आणि ती खोकली. मग फट् फट् फट्.

मला तो आवाज तोच वाटला. मसाजीलाही वाटला. पण आमच्या वाटण्याला तिथं काय किंमत! पेशकार इंजनाकडं पाहतच नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत होते. दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून मला काकू दिसल्या. पिठानं माखलेला डावा तळवा भिंतीला लावून, मान किंचित कलती करून त्या उभ्या होत्या. पेशकारांनी इंजन बंद केलं. अंगणात एकदम शांत झालं.

आतून काही येईना. पेशकारांनी माझा दंड घट्ट धरला.

मग खणखणीत आवाज आला, "आलात व्हय?"

पेशकारांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि जिला काही ऐकू जाणार नव्हतं तिला साऱ्या लातूरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाव, आलो!"