सुगरणबाईंचा वर्ग आणि धुरपदा म्हैस

एका जंगलात, पोरांनो, तळ्यावर ओणवलेली एक बाभळ होती. त्या बाभळीवर पाखरांची शाळा भरायची.

शाळेत मोठा विषय एकच, घरटं विणणं. तो शिकवायच्या सुगरणबाई. त्यांची चोच अशी, की गवताची काडी नुसती समोर धरली तरी ती आपोआप वळायला लागायची.

पण त्या वर्षी बाईंना झोप लागत नव्हती. त्यांच्या वर्गात टिकली नावाचं एक पिल्लू होतं. त्याला पहिली गाठच येईना. पहिली गाठ म्हणजे घरट्याला फांदीशी धरून ठेवणारी. टिकलीनं बांधली, की ती सुळकन सुटायची. खरं सांगायचं तर बाकीच्यांचंही तेच होतं. पण त्यांच्या आया शाळा सुटल्यावर गुपचूप नीट बांधून द्यायच्या. टिकलीला आई नव्हती.

पंधरा दिवसांनी मोठं वारं सुटणार होतं. गाठ सुटली की घरटं तळ्यात, आणि घरट्याबरोबर टिकलीही.

अशात वाघमहाराजांचा हुकूम आला. त्याचं नाव 'जोडीदार गुरुजी योजना'. एका शिक्षकानं दुसऱ्याच्या वर्गात बसायचं, नीट बघायचं, काय दिसलं ते मोकळेपणानं सांगायचं आणि दोघांनी मिळून सुधारायचं. हुकूम चांगला होता हो. बाईंना तर वाटलं, आपल्यासाठीच काढलाय.

त्यांना जोडीदार मिळाले बगळेसर. सर पलीकडच्या काठावर एकाग्रता शिकवायचे.

पहिल्या दिवशी सर आले आणि बाभळीखाली पाण्यात एका पायावर उभे राहिले. मान वाकडी, डोळा स्थिर. बाईंनी मन लावून शिकवलं. मधेमधे खाली बघावं, तर सर हललेले नाहीत. केवढं लक्ष, असं बाईंना वाटलं. सरांचं लक्ष होतंच. त्या तासात सरांनी तीन मासे टिपले.

तास संपल्यावर सरांनी कागद भरला. आवाज गोड. फांदी स्वच्छ. हिरव्या गवताचा समर्पक वापर. सुधारणेच्या रकान्यात लिहिलं, 'असंच चालू ठेवा.'

"पण सर, टिकलीचं काय चुकतंय?" बाईंनी विचारलं.

सर जरा दुखावले. "बाई, आपण जोडीदार आहोत. मी तुमच्यात चूक काढू? उद्या तुम्ही माझ्या वर्गात येणार आहात."

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या वर्गात गेल्या. अर्धी पोरं उभ्याउभ्या घोरत होती. बाईंनी लिहिलं, 'वर्गात कमालीची शांतता.' काय करणार? सरांनी गोड लिहिलं होतं, तर आपण कडू कसं लिहायचं?

असे बारा दिवस गेले. कागदांचा ढीग वाढला. टिकलीची गाठ सुटतच राहिली.

त्या तळ्यात धुरपदा नावाची एक म्हैस डुंबायला यायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पाहिली होती ती बाईंची पाठ. बाई फांदीवर पिल्लांसमोर बसायच्या आणि धुरपदा त्यांच्या मागच्या अंगाला, चिखलात.

तेराव्या दिवशी बाई एकट्याच हिरमुसून बसल्या होत्या. धुरपदा म्हणाली, "बाई, एक बोलू का? रागावू नगा."

"बोल ना, धुरपदाबाई."

"मला गाठ येती."

बाईंना हसू आलं. तेवढ्यात धुरपदानं काठावरचं लांबलचक गवत जिभेनं ओढलं, लव्हाळ्याच्या बुडख्याभोवती फिरवलं आणि मुंडीला हिसका दिला. गाठ बसली. बाईंनी ओढून बघितली. सुटेना.

"तुला कुणी शिकवली?"

"तुम्हीच की. मी मागून बघती न्हवं. तुम्ही उजवीकडनं वळवता, तशी मी वळवती. पोरं समोर बसत्यात, त्यास्नी समदं उलटं दिसत असंल."

बाईंनी पोरं बसायची त्या रिकाम्या फांदीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलं नाही गं."

"इचारलं न्हाई कुणी मला," धुरपदा म्हणाली आणि पुन्हा चिखलात बसली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाकडे पाठ केली आणि सावकाश गाठ बांधली. मागून पिल्लांनी बांधली. टिकलीनं बांधली, ओढली, लोंबकळून बघितली. गाठ हलली नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाठ होती म्हणून वर्गाला ते दिसलं नाही.

एक घोटाळा मात्र झाला. त्या दिवशी धुरपदा जरा खुशीत लोळली आणि सगळं पाणी गढूळ झालं. बगळेसरांना मासे दिसेनात. म्हणून चौदा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

बघतात तर काय, बाईंची वर्गाकडे पाठ.

सरांनी लिहिलं, 'गंभीर बाब.' वाघमहाराजांनी बाईंना लगेच पलीकडच्या जंगलात प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता, वर्गाकडे तोंड करून कसं शिकवावं.

मोठं वारं आलं. बाभळ रात्रंदिवस हेलकावली. एकही घरटं पडलं नाही. चौथ्या दिवशी टिकलीनं आपल्या घरट्यातून डोकं बाहेर काढलं आणि खायला मागितलं.

योजना यशस्वी झाली म्हणून वाघमहाराजांनी बगळेसरांच्या गळ्यात हार घातला. सरांनी भाषण केलं, डोळे मिटून.

महिन्याभरानं सुगरणबाई प्रमाणपत्र घेऊन परतल्या. बाभळीवर नव्या बाईंचा वर्ग भरला होता. नव्या बाई पोरांकडे तोंड करून शिकवत होत्या आणि गाठी भराभर सुटत होत्या. शाळा सुटली, तशी सगळी पिल्लं उडाली आणि खाली धुरपदाच्या पाठीवर जाऊन बसली. ती जिभेनं गवताची गाठ बांधत होती आणि पिल्लं तिच्या शिंगांमधून बघत एकेक काडी वळवायला लागली. सगळ्यांत पुढे टिकली, चुकणाऱ्याला टोचत.

बाईंनी प्रमाणपत्र पाण्यात सोडलं आणि त्याही धुरपदाच्या पाठीवर, मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

तात्पर्य : पोरांनो, मोठेपणी मास्तर झालात तर एकमेकांच्या वर्गात जरूर बसा आणि नेहमी गोडच लिहा. दिसलेली चूक सांगण्याचं काम म्हशीवर सोडा. तिला हाराची हौस नसते, आणि उद्या तिच्या वर्गात कुणी कागद घेऊन येणार नसतं.